१३९० पाठवायचे की झाकून ठेवायचे?

वाचकाचं पत्र

ताई, सादर नमस्कार.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलाचं अकरावीचं वर्ष आता संपेल आणि थंडी सुरू होईतो कॉलेजचे अर्ज भरायचे आहेत. त्याला इंजिनीअरिंग करायचंय. तो नववीत असताना ह्यांची नोकरी बदलली, राज्य बदललं, शाळा बदलली. त्या वर्षी त्याला चार बी आणि एक सी मिळाला. दहावीत सावरला, यंदा एक बी सोडून सगळे ए आहेत. जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, चारपैकी ३.६ च्या आसपास येतो. मार्चमध्ये सॅट ही कॉलेजप्रवेशाची परीक्षा दिली, १६०० पैकी १३९० आले. गणितात ७४०, रीडिंग-रायटिंगमध्ये ६५०. माझ्या मैत्रिणीच्या मुलीला १५४० आहेत.

आमचे हे बारावीला बोर्डात आलेले. त्यांचं म्हणणं, परीक्षेचा आकडा खरा, बाकी सगळी शोभा. म्हणून पुढच्या वर्षी एपी फिजिक्स आणि एपी कॅल्क्युलस (एपी म्हणजे कॉलेजच्या पातळीचे वर्ग) नको, साधे वर्ग घे, ए मिळव आणि उरलेला वेळ सॅटला दे. मुलगा म्हणतो, हल्ली टेस्ट-ऑप्शनल असतं, गुण पाठवणं ऐच्छिक, सॅटचं नावच काढू नका. जेवायला बसलं की हाच विषय. मी रोज रात्री शाळेच्या पोर्टलवर त्याचे मार्क बघते आणि मग झोप लागत नाही. ताई, ग्रेड मोठी की सॅट मोठी? एपी सोडायचं का? आणि हे १३९० पाठवायचे की नाही?

— एक आई

ताईंचं उत्तर

तुमच्या पत्रातला बाप आणि लेक दोघंही बरोबर बोलताहेत, पण वेगवेगळ्या कॉलेजांबद्दल. आधी बापाकडे वळते, कारण असे वडील मी खूप पाहिलेत. इथल्या एका पब्लिक हायस्कूलच्या कौन्सेलिंग ऑफिसात मी १९ वर्षं काढली. बारावीला बोर्डात आलेले वडील पहिल्या भेटीतच ओळखू यायचे. खुर्चीत बसता बसता विचारायचे, "मॅडम, कट-ऑफ किती?"

त्यात त्यांचा दोष नाही. त्यांच्या वेळी पीसीएमची बेरीज हातात पडली की सीओईपी, व्हीजेटीआय की आणखी कुठे, हे जवळजवळ तिथेच ठरायचं. दोन मार्कांनी ब्रँच हुकायची. त्या पद्धतीत एक न्यायही होता, साहेबाचा पोरगा आणि शिपायाचा पोरगा एकाच यादीत यायचे. आकडा म्हणजे रांगेतली जागा, हे त्यांच्या अंगात मुरलंय. अमेरिकेत आकडे भरपूर आहेत, पण बहुतेक चांगल्या कॉलेजांत रांगच नाही. तिथे फाइल असते आणि ती उघडून वाचणारं माणूस असतं.

त्या माणसापुढे पहिल्यांदा येतं ते ट्रान्सक्रिप्ट. कोणत्या वर्षी कोणते विषय घेतले, कुठल्या पातळीचे आणि त्यात काय मिळालं. त्याच्या शेजारी शाळेने पाठवलेलं एक पत्रक असतं, स्कूल प्रोफाइल. या शाळेत एपी किती शिकवतात, वेटेड जीपीए (अवघड विषयांना जादा वजन देऊन काढलेला) कसा काढतात, कितीजण चार वर्षांच्या कॉलेजला जातात, अशी माहिती त्यात असते. बऱ्याच पालकांनी हे पत्रक कधी पाहिलेलंच नसतं, आणि ते बहुधा शाळेच्या वेबसाइटवरच पडलेलं असतं. आज रात्री पोर्टलऐवजी ते उघडा. तुमच्या मुलाचे ३.६ कशाच्या शेजारी ठेवून वाचले जाणार आहेत ते कळेल. नुसत्या ३.६ ला काही अर्थ नाही. ज्या शाळेत २० एपी आहेत तिथला ३.६ आणि जिथे ३ आहेत तिथला ३.६ हे दोन वेगळे आकडे आहेत.

आता एक आतली गोष्ट सांगते. कॉमन अ‍ॅपवरून (अनेक कॉलेजांना चालणाऱ्या एकाच ऑनलाइन फॉर्मवरून) अर्ज केला की कौन्सेलरलाही एक अहवाल भरावा लागतो. त्यात विचारतात की शाळेतल्या कॉलेजची तयारी करणाऱ्या इतर मुलांच्या तुलनेत या मुलाने घेतलेले विषय कितपत अवघड आहेत. वरच्या टोकाला 'सर्वात अवघड', मग उतरत उतरत सरासरीच्याही खाली. एका चौकटीवर खूण करायची, बस. ती खूण मी शेकडो वेळा केली असेन. मुलगा कितीही गुणी असला तरी बारावीला त्याने फिजिक्स साधं घेतलं आणि शेजारच्या वर्गातल्या ४० मुलांनी एपी घेतलं, तर मला वरच्या चौकटीला हात लावता येत नसे. खूप वाटायचं, पण येत नसे.

म्हणजे तुमच्या ह्यांच्या बेतात खोट आहे ती इथे. सोप्या वर्गातला ए हा सोप्या वर्गातला ए म्हणूनच वाचला जातो. अ‍ॅडमिशनवाल्यांची राष्ट्रीय संघटना, नॅकॅक, कॉलेजांना वर्षानुवर्षं विचारत आलीय की तुम्ही सगळ्यात जास्त वजन कशाला देता. कॉलेजच्या तयारीच्या विषयांतल्या ग्रेड आणि घेतलेल्या विषयांची कठीणता या दोन गोष्टी सतत वरच राहिल्या आहेत. शिवाय मुलाला करायचंय इंजिनीअरिंग. कॉर्नेलच्या इंजिनीअरिंगला तर हायस्कूलमध्ये कॅल्क्युलस, फिजिक्स आणि केमिस्ट्री झालेलं असणं ही अटच आहे. इंजिनीअर व्हायला निघालेल्या मुलाने ऐन बारावीत फिजिक्सला वळसा घातला तर वाचणाऱ्याच्या मनात काय येईल?

कॉलेजांच्या माहिती-सत्रांत कुणीतरी हमखास विचारतं, "एपीत बी बरा की साध्या वर्गात ए?" व्यासपीठावरून उत्तर येतं, "एपीत ए," आणि हशा पिकतो. मला हा विनोद कधीच आवडला नाही, कारण विचारणाऱ्याचं पोर खरंच बी आणि झोप यांच्यामध्ये अडकलेलं असतं. माझं उत्तर असं. कॅल्क्युलस घ्यायचाच. यंदाचं प्रीकॅल्क्युलस त्याला सहज गेलं असेल तर बीसी हा वरचा वर्ग, घाम फुटला असेल तर एबी हा त्याखालचा, त्यात कमीपणा नाही. फिजिक्ससाठी शाळेत एपी फिजिक्स सी असेल तर निदान त्यातलं मेकॅनिक्स घ्यावं, ते कॅल्क्युलसवरच उभं असतं आणि दोन्ही एकमेकांना हात देतात. आणि यादी भारी दिसावी म्हणून तिसरं-चौथं एखादं एपी घेतलं असेल, तर ते खुशाल सोडा. त्या विषयात मन नसेल तर तिथला बी कुणाच्याच कामाचा नाही. फिजिक्समध्ये बी आला तर चालेल का? चालेल. सी आला तर? मग ऑक्टोबरातच कौन्सेलरकडे जायचं, जानेवारीची वाट बघायची नाही.

नववीच्या त्या चार बी आणि एका सीबद्दल तुम्ही उगाच जिवाला घोर लावून घेतलाय. नववीत घसरण, दहावीत सावरणं, अकरावीत चढण, हा आलेख वाचणाऱ्याला आवडतो. उलटा आलेख त्याला घाबरवतो. राज्य आणि शाळा बदलली हे कारण खरं आहे, तेव्हा ते कौन्सेलरच्या पत्रात येऊ द्या. कौन्सेलरला स्वतःहून कळेल असं धरून चालू नका, त्यांच्याकडे कित्येक मुलं असतात. मुलालाही अर्जातल्या जादा माहितीच्या जागेत तीन-चार ओळी लिहिता येतील. तीन-चारच. रडगाणं नको, तारीख आणि घटना पुरे. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला अर्ज केलात तर गंमतच आहे. ते जीपीए काढताना नववी धरतच नाहीत, नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतचे विषय मोजतात. अधिक-उणेही मोजत नाहीत, म्हणजे ए-मायनस हा ए आणि बी-प्लस हा नुसता बी. एपीला एक गुण जादा, पण जास्तीत जास्त आठ सेमिस्टरांना. राज्याबाहेरच्या मुलांना अर्जाला पात्र व्हायला या हिशेबाने किमान ३.४ लागतात आणि तुमच्या मुलाचे त्याहून बरेच वर जातील. (राज्याबाहेरच्यांची फी मात्र आधी बघून घ्या आणि मगच हुरळून जा.) अशीच इतरही बरीच कॉलेजं आपापल्या मापाने जीपीए नव्याने काढतात. म्हणून शाळेच्या पोर्टलवर ३.६ दिसतो की ३.७, यावर जेवणाच्या टेबलावर भांडण्यात हशील नाही.

आता सॅट. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या घरातल्या दोन्ही पुरुषांची या बाबतीतली माहिती अर्धवट आहे.

पहिली सॅट १९२६ साली झाली. पुढे १९३० च्या दशकात हार्वर्डचे अध्यक्ष जेम्स कॉनंट यांनी शिष्यवृत्तीची मुलं निवडायला ती वापरायला घेतली. पूर्वेकडच्या श्रीमंत बोर्डिंग शाळांत न शिकलेला, पण डोक्याने तल्लख पोरगा शोधायचा कसा, हा त्यांचा प्रश्न होता. पुढे याच परीक्षेवर 'श्रीमंतांच्या क्लासची परीक्षा' असा ठपका बसला, आणि त्यातही तथ्य होतं. मेन राज्यातल्या बोडन कॉलेजने तर १९६९ सालीच ती ऐच्छिक करून टाकली होती. बाकीच्या बहुतेकांना जाग आली २०२० साली. करोनात परीक्षा केंद्रंच बंद पडली, तेव्हा बहुतेकांनी 'गुण पाठवा अथवा पाठवू नका' असं जाहीर केलं. तुमच्या मुलाच्या कानावर पडलंय ते तेव्हाचं वारं.

पण वारं फिरलं. एमआयटीने मार्च २०२२ मध्ये परीक्षा परत सक्तीची केली. त्यांचं म्हणणं सरळ होतं. आमच्याकडे प्रत्येकाला पहिल्या वर्षी अवघड गणित करावंच लागतं, त्याची तयारी झालीय की नाही हे ओळखायला हे गुण मदत करतात, आणि ज्यांच्या शाळेत वरच्या पातळीचे विषयच नाहीत अशी हुशार मुलंही त्यामुळे आमच्या नजरेस येतात. २०२४ मध्ये डार्टमाउथ, येल, ब्राउन, हार्वर्ड, कॅलटेक आणि ऑस्टिनचं टेक्सास विद्यापीठ एकापाठोपाठ एक त्याच वाटेने गेले. येलने थोडी सूट ठेवली, सॅट किंवा एसीटी (सॅटसारखीच दुसरी प्रवेशपरीक्षा) यांच्याऐवजी एपी किंवा आयबी (एक आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम) यांचे गुणही चालतात. इंजिनीअरिंगसाठी तुमच्या यादीत नक्की असणार अशी जॉर्जिया टेक आणि परड्यू, दोघांनाही गुण लागतात. उलट कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या एकाही शाखेत ते बघतच नाहीत. १६०० पैकी १६०० आणा, निवड करताना कुणी ढुंकून पाहणार नाही. कोलंबियाने ऐच्छिकच ठेवलंय. म्हणजे बाप बोलतोय एमआयटी आणि जॉर्जिया टेकबद्दल, पोरगा बोलतोय कोलंबिया आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेबद्दल. यादी कागदावर उतरवा आणि प्रत्येक नावापुढे लिहा: सक्ती, ऐच्छिक की बघत नाहीत. हे त्या-त्या कॉलेजच्या अ‍ॅडमिशनच्या पानावर त्याच वर्षाचं वाचून लिहायचं, मैत्रिणीच्या सांगण्यावरून नाही. नियम वर्षागणिक बदलताहेत.

मग ग्रेड मोठी की सॅट? यावर संशोधकांतही जुंपलेली आहे, आणि मला ते भांडण फार उद्बोधक वाटतं. शिकागोच्या सरकारी शाळांतल्या मुलांचा एक अभ्यास २०२० साली आला. मूल कॉलेज पूर्ण करेल की नाही हे सांगण्यात हायस्कूलचा जीपीए एसीटीच्या गुणांपेक्षा पाचपट जोरकस निघाला. झालं, ग्रेडवाले खूश. मग २०२४ च्या सुरुवातीला ऑपॉर्च्युनिटी इनसाइट्स या गटाने आयव्ही लीग (हार्वर्ड, येल वगैरे नामांकित विद्यापीठं) आणि त्यांच्या तोडीच्या कॉलेजांतली आकडेवारी मांडली. तिथे पहिल्या वर्षी मूल कसं चमकेल हे सॅट-एसीटीवरून बरंच कळत होतं, हायस्कूलच्या जीपीएवरून फारसं नाही. आता सॅटवाले खूश.

कोण खोटं? कुणीच नाही. शिकागोच्या मुलांच्या ग्रेडमध्ये ए पासून डी पर्यंत सगळं होतं. चार वर्षं रोज वर्गात येणं, गृहपाठ देणं, नावडत्या मास्तरांकडूनही शिकणं, हे सगळं त्या ग्रेडमध्ये मुरलेलं असतं, आणि कॉलेज संपवायला तेच लागतं. आयव्हीच्या दारात मात्र जो तो चारच्या जवळचा जीपीए घेऊनच येतो. सगळेच सहा फुटी असले की टेपचा उपयोग संपतो, दुसरं माप काढावं लागतं. त्यातून ग्रेडही फुगत चालल्यात. एसीटी संस्थेच्याच अभ्यासानुसार परीक्षा देणाऱ्या मुलांचा सरासरी जीपीए २०१० साली ३.२२ होता, तो २०२१ मध्ये ३.३९ झाला. मुलं तेवढी हुशार झाली असती तर आनंदच होता.

आणखी एक किस्सा, तुमच्या ह्यांना आवडेल. २०२० च्या सुरुवातीला कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्राध्यापकांच्याच समितीने सांगितलं की आमच्याकडे पहिल्या वर्षाचा अंदाज बांधायला परीक्षेचे गुण हायस्कूलच्या जीपीएपेक्षा सरस ठरतात. त्याच वर्षी मे महिन्यात विद्यापीठाच्या रीजंट्सनी, म्हणजे नियामक मंडळाने, परीक्षा काढून टाकायचा निर्णय घेतला. गुणांचा उपयोग किती आणि ते मागणं न्याय्य किती, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि प्रत्येक कॉलेज त्यांची सांगड आपल्या मनाने घालतं. एकच उत्तर शोधायला निघालेला बोर्डवाला माणूस इथे हमखास वैतागतो.

आता तुमचे १३९०. आधी हे ऐका की २०२४ ला हायस्कूल संपवणाऱ्या मुलांची सॅटची सरासरी १०२४ होती. तुमच्या टेबलावर जो आकडा नापास झाल्यासारखा चघळला जातोय, तो देशातल्या बहुतेक मुलांच्या खूप वर आहे. मैत्रिणीच्या मुलीच्या १५४० शी त्याचा काही संबंध नाही. ती दोघं एकमेकांच्या फाइलीत नाहीत.

पाठवायचे की नाही हे ठरवायला कॉलेजचं नाव आणि 'कॉमन डेटा सेट' असं शोधा. बहुतेक कॉलेजं हा दस्तऐवज दरवर्षी प्रसिद्ध करतात. रुक्ष आहे, पण कन्सल्टंट हजारो डॉलर घेऊन जे सांगतात त्यातलं पुष्कळसं यात फुकट आहे. त्यातला सी ७ हा तक्ता बघा. विषयांची कठीणता, वर्गातला क्रमांक, जीपीए, परीक्षेचे गुण, निबंध, शिफारसपत्रं, अशा प्रत्येक गोष्टीपुढे कॉलेजने स्वतः खूण केलेली असते: फार महत्त्वाचं, महत्त्वाचं, विचारात घेतो, घेत नाही. मग सी ९ बघा. प्रवेश घेतलेल्या मुलांचे २५ व्या आणि ७५ व्या पर्सेंटाइलचे सॅटचे गुण तिथे असतात, आणि किती टक्के मुलांनी गुण पाठवले तेही. हा दुसरा आकडा लोक वाचतच नाहीत. ऐच्छिक कॉलेजात ज्यांचे गुण चांगले तेच पाठवतात, त्यामुळे २५ ते ७५ चा तो पट्टा आहे त्याहून उंच दिसतो.

ढोबळ नियम असा. तुमच्या मुलाचे गुण त्या पट्ट्याच्या मधोमध किंवा वर असतील तर डोळे मिटून पाठवा. २५ व्या पर्सेंटाइलच्या खाली असतील आणि कॉलेज ऐच्छिक असेल तर पाठवू नका. अगदी खालच्या काठावर असतील तर सुटे गुण बघा. इंजिनीअरिंगच्या अर्जात गणिताचे ७४० आधी वाचले जातात, आणि चांगल्या राज्य विद्यापीठांपैकी अनेकांत ते छान दिसतील. एमआयटीत नाही, तिथे गणिताचा २५ वा पर्सेंटाइलसुद्धा ७८० च्या आसपास असतो. एक अपवादही सांगून ठेवते. डार्टमाउथने परीक्षा परत आणली तेव्हा त्यांच्या अभ्यासात दिसलं की हलाखीतून आलेली, साध्या शाळांतली काही मुलं १४०० च्या घरातले गुण लपवत होती, जे पाठवले असते तर त्यांचा फायदाच झाला असता, कारण तिथेही गुण शाळेच्या शेजारी ठेवूनच वाचतात. हे वाचून तुम्ही लगेच हुरूप धराल म्हणून स्पष्ट बोलते: बोर्डात आलेल्या बापाच्या, एपी शिकवणाऱ्या शाळेतल्या मुलाला ही सवलत लागू होत नाही.

त्याने परत बसावं का? बसावं, ऑगस्टमध्ये एकदा. मन झालं तर ऑक्टोबरमध्ये अजून एकदा, बस. बरीच कॉलेजं सुपरस्कोअर करतात, म्हणजे वेगवेगळ्या दिवशीचे दोन विभागांतले सर्वोत्तम गुण जोडतात. तिथे गणिताचे ७४० त्याच्या खिशात आहेत. जोर द्यायचा तो रीडिंग-रायटिंगच्या ६५० वर, आणि त्यातही व्याकरण आणि विरामचिन्हांवर, ते नियम पाठ होतात आणि सुधारणा लवकर दिसते. वाचनाची समज सहा आठवड्यांत वाढत नाही, तिथे डोकं आपटू नका. परीक्षा आता कॉम्प्युटरवर असते, २ तास १४ मिनिटांची. प्रत्येक विभागातला पहिला भाग कसा गेला यावर दुसरा सोपा येणार की अवघड हे ठरतं, म्हणून सुरुवातीचे प्रश्न घाईत उडवणं महागात पडतं. ब्लूबुक या अ‍ॅपवर सराव परीक्षा फुकट आहेत, खान अकॅडमीवर धडे फुकट आहेत. महागडा क्लास लावायचाच असेल तर आधी या दोन्ही गोष्टी संपवल्यात का, एवढं त्याला विचारा.

आणि पैसा. याबद्दल तुम्ही पत्रात अवाक्षर काढलेलं नाही, आपल्या लोकांची ही जुनी सवय. आयव्ही लीगची कॉलेजं गुणांसाठी म्हणून एक डॉलर देत नाहीत, तिथे मदत मिळते ती घरच्या उत्पन्नावरून. पण देशात अशी बरीच विद्यापीठं आहेत जी चांगल्या मुलांना बोलावण्यासाठी फी कमी करतात. अलाबामा विद्यापीठ तर जीपीए आणि सॅट-एसीटीचा तक्ताच जाहीर करतं, अमुक गुणांना अमुक रक्कम. तुमच्या ह्यांना हवा असलेला स्वच्छ, बोर्डछाप कट-ऑफ इथे आहे. ऑगस्टमध्ये त्याचे ५०-६० गुण वाढले तर त्याचा खरा उपयोग कदाचित अशा तक्त्यांत होईल. टेक्सासमध्येही १९९७ पासून असाच एक सरळसोट कायदा आहे. वर्गातल्या वरच्या १० टक्के मुलांना राज्याच्या विद्यापीठांत थेट प्रवेश, सॅटचे गुण कितीही असोत. ऑस्टिनला गर्दी इतकी झाली की तिथली मर्यादा खाली आणत २०२६ च्या प्रवेशांसाठी ५ टक्के केली. तुम्ही टेक्सासात नाही, तेव्हा हे फक्त ह्यांच्या समाधानासाठी.

निबंध, शिफारशी, रोबोटिक्स, तबला, यांवर मी आज लिहीत नाही. ग्रेड आणि गुण यांनी फाइल वाचण्याजोगी ठरते, त्यानंतर या गोष्टी बोलतात. पुन्हा कधीतरी.

बारावीबद्दल मात्र एक. प्रवेश मिळाल्यावर शाळा शेवटचं ट्रान्सक्रिप्ट पाठवते आणि कॉलेज ते वाचतं. माझ्याकडच्या एका मुलीला मार्चमध्ये होकार आला, एप्रिलपासून तिने वह्या मिटल्या. जूनमध्ये दोन विषयांत डी. जुलैत कॉलेजचं पत्र आलं, याचं स्पष्टीकरण द्या, नाहीतर जागा काढून घेऊ. सुटीवर गेलेल्या दोन शिक्षकांना मी फोन करत बसले होते. जागा राहिली, पण पहिलं सेमिस्टर प्रोबेशनवर गेलं. म्हणून सॅटसाठी वर्गाकडे काणाडोळा कर, हा सल्ला बारावीत कुणीही देऊ नये, बोर्डात आलेल्याने तर नाहीच.

राहिलं ते रोज रात्रीचं पोर्टल. तुम्ही बघता ते त्याला ठाऊक आहे, मुलांना सगळं ठाऊक असतं. आठवड्यातून एक दिवस ठरवा, रविवार म्हणा, त्या दिवशी त्याने स्वतः उघडून तुम्हाला दाखवायचं आणि बाकी सहा दिवस जेवताना या विषयाला बंदी. यादीचा तो सक्ती-ऐच्छिकचा तक्ता बापलेकांना एकत्र भरायला बसवा, ह्यांना आकडे आवडतात, सी ७ आणि सी ९ त्यांच्या हवाली करा. ऑगस्टच्या परीक्षेची नोंदणी मुलाला करू द्या. पासवर्ड मागू नका.